बंदिस्त हवेचा हिशेब : स्वनिर्मित लघुपाणबुड्यांतील श्वसनव्यवस्थेचा इतिहास

प्रस्तावना

पाणबुडीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने युद्धाकडे जाते. पाणतीर, बुडविलेली जहाजे, नौदलांमधील स्पर्धा यांनी या इतिहासाची बहुतेक पाने व्यापली आहेत. परंतु नौदलांनी पाणबुडी स्वीकारण्याच्या कितीतरी आधीपासून सुतार, कातारी, शिक्षक, मुद्रक, खलाशी अशा सामान्य माणसांनी स्वतःच्या हातांनी लहान पाणबुड्या बांधल्या आणि स्वतःच त्यांत बसून पाण्याखाली जाण्याचे धाडस केले. त्यांच्यापुढील पहिला प्रश्न शत्रूचा नव्हता. झाकण बंद झाल्यावर आत जी हवा उरते ती किती वेळ पुरेल, हा तो प्रश्न होता.

मराठी वाचकाला या प्रश्नाची पहिली ओळख बहुधा ज्यूल व्हर्नमुळे झाली. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या आणि कॅप्टन निमोची ‘नॉटिलस’ आपल्याकडे घरोघरी गेली. निमोची ही पाणबुडी देवमाशाप्रमाणे ताजी हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येते. १८७० साली पूर्ण झालेल्या या कादंबरीत नॉटिलस दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाखाली अडकते, तो प्रसंग येथे विशेष महत्त्वाचा आहे. पाण्याचे विघटन करून प्राणवायू मिळविता येईल, पण उच्छ्वासातून साठलेला कर्बवायू शोषून घेण्यासाठी लागणारा दाहक पोटॅश बोटीवर नाही, म्हणून तो उपाय निरर्थक आहे, असा विचार तेथे निवेदक करतो. एका कादंबरीकाराने प्रश्नाचे मर्म अचूक पकडले होते. ज्यांनी त्या काळात खरोखर पाणबुड्या बांधल्या, त्यांच्यापैकी अनेकांना मात्र ते पकडता आले नाही.

प्रस्तुत लेखात सतराव्या शतकापासून आजपर्यंतच्या काही निवडक लघुपाणबुड्यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. स्वनिर्मित बोटींच्या जोडीला, या बोटी बांधणाऱ्यांना धडा देणाऱ्या काही नौदलीय व व्यावसायिक घटनांचाही विचार केला आहे. बंदिस्त हवेसंबंधीचे मूलभूत ज्ञान अठराव्या शतकातच उपलब्ध झाले होते, तथापि ते प्रयोगशाळेतून बोटीच्या आत पोहोचण्यास दीर्घ काळ लागला आणि या विलंबाची किंमत माणसांनी प्राण देऊन मोजली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्नाचे स्वरूप : दोन स्वतंत्र खाती

इतिहासाकडे वळण्यापूर्वी प्रश्न नेमका काय आहे हे पाहणे आवश्यक आहे. बंद जागेत माणूस ‘हवा संपल्यामुळे’ गुदमरतो, असे आपण सहजपणे म्हणतो. वास्तविक तेथे दोन घटना एकाच वेळी घडत असतात. प्राणवायू कमी होतो आणि कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, वाढतो. ही दोन स्वतंत्र खाती आहेत आणि एकातील शिल्लक दुसऱ्याची तूट भरून काढू शकत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर हवा असलेल्या बंद पिंपात एक माणूस शांत बसला आहे. हलक्या हालचालीसह तो ताशी सुमारे २५ लिटर प्राणवायू वापरतो आणि सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, असे धरू. आरंभी हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, तर कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसल्यासारखाच, म्हणजे ०.०४ टक्के असतो. दोन तासांनी प्राणवायू १६ टक्क्यांवर आलेला असेल आणि कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांवर गेलेला असेल. अडीच तासांनी तो ५ टक्के होईल. प्राणवायूचे १६ टक्के हे प्रमाण उंच डोंगरावरील हवेसारखे आहे, माणूस ते काही काळ सहन करू शकतो. मात्र कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास गेला की श्वासाची गती लक्षणीय वाढते, ५ टक्क्यांवर धाप लागते व डोके ठणकू लागते आणि १० टक्क्यांच्या सुमारास काही मिनिटांतच शुद्ध हरपते. याचा अर्थ असा की, बंद पिंपातील माणसाला आधी गाठतो तो प्राणवायूचा अभाव नव्हे, तर त्याच्याच उच्छ्वासाचे विष.

याहून गंभीर बाब पुढे आहे. कार्बन डायऑक्साइड वाढला की शरीर धोक्याची सूचना देते, जीव घाबरा होतो. परंतु केवळ प्राणवायू कमी होत असेल आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकला जात असेल, तर शरीर अशी स्पष्ट सूचना देत नाही. उलट माणसाला हलके, प्रसन्न वाटू लागते आणि तशाच अवस्थेत तो बेशुद्ध होतो. याचा प्रसिद्ध पुरावा पाण्याखाली नव्हे, तर आकाशात मिळाला. एप्रिल १८७५ मध्ये ‘झेनिथ’ या फ्रेंच बलूनमधून तिघे जण विरळ हवेत गेले. सोबत प्राणवायू असूनही तो वेळेवर हुंगण्याचे भान त्यांना राहिले नाही. दोघे मृत्यू पावले आणि केवळ गास्तों तिसांदिए वाचले. म्हणजे कर्बवायू शोषून घेणारी यंत्रणा बसविली, पण प्राणवायूचे मोजमाप केले नाही, तर बोट अधिक सुरक्षित होत नाही. तिच्यातील धोक्याची घंटा तेवढी काढून टाकली जाते.

साठा आणि नळी : ड्रेबेलपासून बुशनेलपर्यंत

पाण्याखाली चाललेल्या पहिल्या बोटीचा मान कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराकडे जातो. मूळचा खोदकाम करणारा हा कारागीर इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आश्रयास होता. सुमारे १६२० च्या दशकात त्याने लंडनजवळ थेम्स नदीत वल्ह्यांनी चालणारी, चामड्याने मढविलेली बोट पाण्याखाली चालवून दाखविली. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बोटीचा उल्लेख आहे. आतील हवा दूषित झाली की ड्रेबेल एका कुपीतील रासायनिक द्रव मोकळा करी आणि हवा पुन्हा श्वसनयोग्य होई, अशी माहिती बॉइलने ऐकीव स्वरूपात नोंदविली आहे. ड्रेबेलने हे रहस्य उघड केले नाही. सोरा तापवून त्यातून निघणारा वायू त्याने वापरला असावा, असा तर्क आधुनिक अभ्यासकांनी केला आहे. सोरा तापविल्यास प्राणवायू निघतो हे खरे असले तरी ड्रेबेलच्या बाबतीत हा तर्कच आहे. तो मान्य केला, तरी ड्रेबेलने एकाच खात्याचा विचार केला होता असे म्हणावे लागते.

यानंतर दीडशे वर्षांनी, जून १७७४ मध्ये, इंग्लंडमधील प्लिमथच्या समुद्रात जॉन डे या सुतारकाम जाणणाऱ्या माणसाने एका लहान जहाजात लाकडी कोठडी बसविली. उथळ पाण्यात असाच प्रयोग त्याने आधी यशस्वी केला होता. आता शंभर फुटांहून अधिक खोलीवर बारा तास राहून दाखविण्याची पैज होती आणि तिच्यामागे एका जुगाऱ्याचे भांडवल होते. डे आत शिरला, जहाज बुडविण्यात आले आणि ते पुन्हा वर आले नाही. पाण्याच्या दाबाने कोठडी चिरडली गेली असण्याची शक्यता अधिक आहे. परंतु ती टिकली असती तरी, बारा तासांनंतर आपण श्वास घेत असू हे डेने कशाच्या आधारे ठरविले होते? कोठडी मोठी आहे, तेव्हा हवा पुरेल, एवढाच तो हिशेब होता. या घटनेनंतर दीड महिन्याच्या आत, १ ऑगस्ट १७७४ रोजी, त्याच इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने पाऱ्याची राख तापवून प्राणवायू वेगळा केला, हा इतिहासातील एक विषण्ण करणारा योगायोग म्हटला पाहिजे.

अमेरिकेतील कनेक्टिकटच्या डेव्हिड बुशनेलने १७७५ मध्ये आपल्या भावाच्या मदतीने ‘टर्टल’ ही एकाच माणसाची ओक लाकडाची बोट बांधली. दोन कासवपाठी जोडाव्यात तसा तिचा आकार होता. बुशनेलने थॉमस जेफरसनला पाठविलेल्या वृत्तान्तात आतील हवा सुमारे अर्धा तास पुरत असल्याचे म्हटले आहे. त्याने बोटीच्या माथ्यावर दोन पितळी नळ्या बसविल्या होत्या. एकीतून ताजी हवा आत यावी आणि दुसरीतून दूषित हवा बाहेर जावी, तसेच बोट बुडताच त्यांची तोंडे आपोआप बंद व्हावीत, अशी ती योजना होती. सप्टेंबर १७७६ मध्ये एझ्रा ली हा सैनिक या बोटीतून न्यूयॉर्क बंदरातील ब्रिटिश युद्धनौकेपर्यंत पोहोचला. त्याचा हल्ला फसला, पण तो जिवंत परतला. बुशनेलने रसायनाचा प्रश्न सोडविला नव्हता, तथापि आपली मर्यादा अर्ध्या तासाची आहे हे त्याने ओळखले होते. जॉन डे आणि बुशनेल यांच्यातील फरक या ओळखीत आहे. पुढे १८०१ मध्ये रॉबर्ट फुल्टनने फ्रान्समधील ब्रेस्ट येथे आपल्या ‘नॉटिलस’मध्ये तांब्याच्या गोलात दाबून भरलेली हवा नेली आणि पाण्याखालील वास्तव्य काही तासांपर्यंत वाढविले. मात्र हाही साठ्याचाच विस्तार होता.

ज्ञान उपलब्ध, बोट अनभिज्ञ

शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केला असेल. उच्छ्वासातील वायू चुना शोषून घेतो, हे जोसेफ ब्लॅक याने स्कॉटलंडमध्ये १७५० च्या दशकातच दाखविले होते. बंद हवेत प्राणी मरतो तेव्हा श्वसनयोग्य वायूची घट आणि दुसऱ्या वायूची वाढ अशा दोन्ही गोष्टी घडतात आणि दुसरा वायू दाहक अल्कलीने काढून घेता येतो, हे लाव्हाझिए याने १७७७ च्या सुमारास मांडले. म्हणजे दोन्ही खाती कागदावर उघडली गेली होती. पुढील शतकातील बोटी मात्र याविषयी बव्हंशी अनभिज्ञच राहिल्या.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी जर्मनीतील कील बंदरात ‘ब्रांडटाउखर’ ही लोखंडी पाणबुडी तिचा निर्माता विल्हेल्म बाउअर आणि दोन सहकाऱ्यांसह तळाशी गेली. कातारकाम शिकलेला बाउअर पुढे बव्हेरियन तोफखान्यात शिरला होता. बोटीचे झाकण बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे उघडणे अशक्य होते. आत पाणी येऊ द्यावे, त्यामुळे आतील हवा दबून बाहेरच्या दाबाइतकी होईल आणि झाकण उघडेल, असे बाउअरने सहकाऱ्यांना पटविले. बुडत्या माणसांना आणखी पाणी आत घेण्यास राजी करणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येते. काही तासांच्या प्रतीक्षेनंतर तिघेही हवेच्या लोटाबरोबर पृष्ठभागावर फेकले गेले आणि वाचले. तथापि या युक्तीत एक छुपी किंमत होती. हवा दबली जाते तसा तिच्यातील कार्बन डायऑक्साइडचाही परिणाम त्याच पटीत वाढतो. पृष्ठभागावर २ टक्के असलेला कर्बवायू अडीच पट दाबाखाली शरीराला ५ टक्क्यांसारखा जाणवतो. प्रतीक्षा आणखी लांबली असती, तर झाकण उघडण्याची ताकद आणि भान यांपैकी काहीच उरले नसते. १८८७ मध्ये ही बोट पाण्याबाहेर काढण्यात आली.

अमेरिकन यादवी युद्धातील ‘एच. एल. हनली’ ही बोटही खासगी भांडवलातून आणि खासगी कारखान्यात बांधली गेली. हातांनी दांडा फिरवून आठ जण ती चालवीत. चाचण्यांदरम्यान १८६३ मध्ये ती दोनदा बुडून तेरा माणसे दगावली. तिच्यात भात्याने हवा ओढणाऱ्या नळ्या होत्या, परंतु पाण्याखाली भरवसा केवळ आतील हवेवरच होता. तिच्या उभारणीत सहभागी असलेल्या विल्यम अलेक्झांडरने नंतर, १९०२ मध्ये, एका चाचणीचे वर्णन प्रसिद्ध केले. बोट तळाशी नेऊन, कोणालाही असह्य होईपर्यंत तेथेच थांबायचे असे ठरले होते. सुमारे पंचवीस मिनिटांत मेणबत्ती विझली. तरीही ती माणसे अंधारात बसून राहिली आणि दोन तास पस्तीस मिनिटांनी वर आली. किनाऱ्यावर तोवर ती मेल्याचे गृहीत धरले गेले होते.

या चाचणीचे ऐतिहासिक महत्त्व धैर्यापुरते मर्यादित नाही. मेणबत्ती हे त्या काळातील हवा मोजण्याचे एकमेव साधन होते आणि ते सदोष होते. ज्योत प्राणवायू १६-१७ टक्क्यांच्या आसपास आला की विझते, म्हणजे ती एकाच खात्याची, तीही ढोबळ, नोंद देते. माणसाला प्रत्यक्षात असह्य होते ते दुसऱ्या खात्यातील वाढीमुळे आणि त्याविषयी मेणबत्ती काहीच सांगत नाही. १७ फेब्रुवारी १८६४ रोजी हनलीने ‘हाउसाटॉनिक’ ही युद्धनौका बुडविली आणि ती स्वतःही परतली नाही. ऑगस्ट २००० मध्ये ती वर काढली तेव्हा खलाशांचे अवशेष त्यांच्या नेमलेल्या जागांपाशीच आढळले. स्फोटाच्या आघाताने ते तत्काळ मेले की हवेअभावी हळूहळू शुद्ध हरपली, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

शुद्धीकरणाचा आरंभ : मोन्तुरिओल, फ्लूस आणि लेक

दोन्ही खात्यांचा विचार प्रत्यक्ष बोटीत आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत स्पेनमधील नार्सिस मोन्तुरिओल अग्रणी आहे. पिंपे बनविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कायदा शिकलेला, मुद्रण व प्रकाशन करणारा आणि समाजवादी विचारांचा कार्यकर्ता होता. पोवळी काढण्यासाठी बुडी मारणाऱ्यांचे जीवघेणे कष्ट पाहून त्याला पाणबुडीची कल्पना सुचली. १८५९ मध्ये बार्सेलोना येथे त्याची पहिली ‘इक्तिनेओ’ पाण्यात उतरली. लोकवर्गणीतून बांधलेली, सतरा मीटर लांबीची दुसरी ‘इक्तिनेओ’ १८६४ मध्ये तयार झाली. उच्छ्वासातील कर्बवायू अल्कलीने शोषून घेणे आणि प्राणवायूची स्वतंत्र भर घालणे, ही दोन्ही कामे त्याने वेगवेगळी मांडली. त्याही पुढे जाऊन १८६७ मध्ये पोटॅशियम क्लोरेट, जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या अभिक्रियेतून त्याने पाण्याखाली इंजिनासाठी उष्णता मिळविली. याच अभिक्रियेत निघणारा प्राणवायू श्वसनासाठी व दिव्यासाठी साठविता येत होता. पण पैसा संपला आणि १८६८ मध्ये ही बोट भंगारात विकली गेली. व्हर्नच्या निमोला जो पोटॅश हवा होता, त्याचे तत्त्व बार्सेलोनाच्या बंदरात आधीच सिद्ध झाले होते, ते पुढे नेण्यास मात्र कोणतीही संस्था उभी राहिली नाही.

इंग्लंडमधील हेन्री फ्लूस या व्यापारी जहाजावरील अधिकाऱ्याने १८७८-७९ मध्ये हेच तत्त्व एका माणसाच्या पाठीवर बसविले. तांब्याच्या टाकीत प्राणवायू आणि दाहक पोटॅशमध्ये भिजविलेले दोरांचे धागे, अशी ती रचना होती. १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालील बोगद्यात पाणी भरले असता अलेक्झांडर लँबर्ट या पाणबुड्याने हे साधन वापरून आतील दरवाजा बंद केला. अमेरिकेत १८९४ मध्ये सायमन लेक याने पिवळ्या पाइनच्या फळ्यांपासून ‘अर्गोनॉट ज्युनियर’ बांधली, तेव्हा दाबलेल्या हवेसाठी सोडावॉटर विकण्याच्या यंत्राची टाकी वापरली. सहज मिळणाऱ्या वस्तूला जीवरक्षक साधन बनविण्याची ही वृत्ती स्वनिर्मित पाणबुड्यांच्या परंपरेचे कायमचे वैशिष्ट्य ठरली. तिच्यातील सामर्थ्य आणि धोका दोन्ही पुढील काळात दिसून आले.

शरीराचे शास्त्र : हॉल्डेन पितापुत्र

रसायनशास्त्राने वायू ओळखले, तरी ते शरीरावर नेमके कसे कार्य करतात हे कळण्यास एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडला. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणींतील दूषित हवेचा अभ्यास करताना बंद कोठडीत स्वतःवरच प्रयोग केले. सर्वसामान्य स्थितीत श्वासाची गती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून नियंत्रित होते, हे त्यांनी जे. जी. प्रीस्टली यांच्यासह १९०५ मध्ये दाखविले. गुदमरण्याची जाणीव प्राणवायूच्या अभावाची नसून कर्बवायूच्या वाढीची असते, ही गोष्ट येथे शास्त्रीय पायावर उभी राहिली.

त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांना याच ज्ञानाचा उपयोग एका शोकांतिकेच्या तपासात करावा लागला. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळ ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीदरम्यान बुडाली. नेहमीच्या खलाशांच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०३ माणसे तिच्यात होती आणि त्यांत गोदीतील कामगारांचा भरणा मोठा होता. केवळ चौघे वाचले. कामगार संघटनांच्या वतीने हॉल्डेन यांनी स्वतःला व सहकाऱ्यांना बंद कोठडीत कोंडून घेऊन कर्बवायूने भान व निर्णयशक्ती कशी ढासळते याचा अनुभव घेतला. सुटकेची साधने उपलब्ध असूनही ती हाताळण्याइतकी शुद्ध उरत नाही, हा त्यातील महत्त्वाचा धडा होता. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

१९७३ : दोन बोटी, दोन निष्कर्ष

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधन व केबल टाकण्याच्या कामासाठी लहान पाणबुड्या वापरात आल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

जूनमध्ये फ्लोरिडातील की वेस्टजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ ही बोट एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. तिच्यात दोन स्वतंत्र कप्पे होते. पुढचा जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा गोल आणि मागचा अ‍ॅल्युमिनियमचा कप्पा. दोन्हींत कर्बवायू शोषणारे रसायन होते. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता झपाट्याने बाहेर जाते, त्यामुळे मागचा कप्पा थंडगार पडला आणि थंडीत रसायनाची शोषणक्षमता घटली. अ‍ॅक्रिलिकचा गोल तुलनेने उबदार राहिला. दिवसाहून अधिक काळानंतर बोट वर आली तेव्हा पुढचे दोघे जिवंत होते, मागच्या कप्प्यातील एडविन क्लेटन लिंक आणि अल्बर्ट स्टोव्हर हे कर्बवायूच्या विषबाधेने मृत्यू पावले होते. क्लेटन हा बोटीचे शिल्पकार एडविन लिंक यांचा मुलगा होता.

ऑगस्टच्या अखेरीस आयर्लंडजवळच्या समुद्रात ‘पायसीस-३’ ही बोट रॉजर मॅलिन्सन आणि रॉजर चॅपमन यांच्यासह सुमारे ४८० मीटर खोल तळाशी गेली. बोटीत ७२ तासांची तरतूद होती. डुबकीपूर्वी मॅलिन्सनने अर्धवट वापरलेल्या प्राणवायूच्या नळकांड्याऐवजी भरलेले नळकांडे बसविले होते. नियमित कामासाठी अर्धवट नळकांडेही पुरले असते. अडकल्यानंतर दोघे शक्य तितके निश्चल पडून राहिले, बोलणे टाळले आणि प्राणवायू व शोषक दोन्ही काटकसरीने वापरले. ७२ तासांची तरतूद त्यांनी ८४ तासांपर्यंत ताणली. सुटका झाली तेव्हा केवळ १२ मिनिटांचा प्राणवायू शिल्लक होता, असे मॅलिन्सनने नंतर सांगितले आहे.

पहिल्या घटनेत रसायन होते, पण त्याचे तापमान कोणी हिशेबात धरले नव्हते. दुसऱ्या घटनेत कोणतेही असामान्य साधन नव्हते, होती ती एका कारागिराची ‘जास्तीचे असू द्यावे’ ही सवय. ऐनवेळी वापरायची यंत्रणा ऐनवेळच्या परिस्थितीत, म्हणजे थंडीत, ओलाव्यात, अंधारात, चालेल काय, हा प्रश्न यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

आजचे हौशी निर्माते

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलातील निवृत्त अधिकारी जॉर्ज किटरिज यांनी लहान पाणबुड्यांचे आराखडे हौशी निर्मात्यांना उपलब्ध करून दिले आणि घराच्या अंगणात पाणबुडी बांधण्याच्या छंदाला शिस्तीचे वळण लागले. या छोट्या बोटींतील श्वसनव्यवस्था तत्त्वतः साधी असते. नळकांड्यातून मंद गतीने प्राणवायू सोडला जातो आणि लहान पंख्याने आतील हवा सोडालाइमच्या डब्यातून फिरविली जाते. आपत्कालीन तरतूद साधारणतः ७२ ते ९६ तासांची असावी असा प्रमाणीकरण संस्थांचा दंडक आहे. आधीच्याच आकड्यांनी हिशेब केला तर एका माणसाच्या ७२ तासांसाठी सुमारे १८०० लिटर प्राणवायू लागतो, तो २०० पट दाबाच्या नऊ लिटरच्या एका नळकांड्यात मावतो. याच काळात निर्माण होणारा सुमारे १४४० लिटर कर्बवायू शोषण्यास मात्र व्यवहारात बारा किलोच्या आसपास सोडालाइम लागतो. म्हणजे आजही दुसरे खातेच अधिक जागा आणि वजन मागते. साहजिकच काटछाट करण्याचा मोह तेथेच होतो.

अनेक हौशी निर्माते साध्या दाबमापकावर प्राणवायूचे नियमन करीत आले आहेत. श्वसनाने प्राणवायू घटतो व कर्बवायू शोषला जातो, त्यामुळे आतील दाब किंचित उतरतो. तो पूर्ववत होईपर्यंत प्राणवायू सोडायचा, अशी ही रीत आहे. ती चतुर असली तरी पुरेशी नाही. शोषक निकामी झाला, तर गेलेल्या प्राणवायूची जागा बहुतांशी कर्बवायू घेतो, दाब फारसा उतरत नाही आणि काटा ‘सर्व ठीक’ असल्याचे दाखवितो. मेणबत्तीप्रमाणेच हाही एका खात्यावरून दोहोंचा अंदाज बांधण्याचा प्रकार आहे. म्हणूनच आज दोन्ही वायूंचे स्वतंत्र मापक, त्यांची नियमित पडताळणी आणि त्यांखेरीज तोंडाला लावण्याचे राखीव श्वसनसाधन आवश्यक मानले जाते. प्राणवायू गरजेपेक्षा अधिक सोडणे हाही उपाय नव्हे, कारण समृद्ध प्राणवायूत ठिणगी आणि तेलाचा थेंब आगीला पुरेसे होतात.

जून २०२३ मध्ये ‘टायटन’ ही खासगी, अप्रमाणित पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना बेपत्ता झाली, तेव्हा जगभरातील वृत्तवाहिन्या ९६ तासांच्या प्राणवायूची उलटगणना करीत होत्या. प्रत्यक्षात तिचे कवच दाबाखाली आधीच चिरडले गेले होते आणि पाचही जण गेले होते. जॉन डेच्या घटनेला तोवर जवळजवळ अडीचशे वर्षे लोटली होती. भारताच्या ‘समुद्रयान’ प्रकल्पातील ‘मत्स्य ६०००’ या तीन आसनी पाणबुडीसाठीही नेहमीची १२ तासांची आणि आपत्कालीन ९६ तासांची श्वसनव्यवस्था नियोजित आहे. या ९६ च्या आकड्यामागे वर पाहिलेला सारा इतिहास उभा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. बंदिस्त हवेच्या प्रश्नावर माणसाने प्रथम साठा, मग नळी आणि शेवटी शुद्धीकरण असे तीन मार्ग क्रमाने चोखाळले. तिसऱ्या मार्गाचे ज्ञान १७७० च्या दशकात उपलब्ध होते, परंतु ते बोटीत सातत्याने वापरले जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. हा विलंब बुद्धीच्या अभावामुळे झाला नाही. प्रयोगशाळा आणि कारागिराची कर्मशाळा यांच्यात संवाद नव्हता, हे त्याचे प्रमुख कारण दिसते. जेथे मोन्तुरिओलसारख्या कारागिराच्या मुलाने तो संवाद साधला, तेथे भांडवलाने पाठ फिरविली.

दुसरा निष्कर्ष मानवी आहे. पाण्याखाली माणसाची जाणीव हा विश्वासार्ह साक्षीदार नाही. कर्बवायू त्याला घाबरवितो आणि प्राणवायूची उणीव त्याला प्रसन्न करते. म्हणूनच मोजमाप ही येथे केवळ तांत्रिक बाब राहत नाही, ती आत बसणाऱ्याविषयीची जबाबदारी ठरते. नौदलाच्या पाणबुडीमागे संस्था, नियम आणि तपासनीस असतात. स्वतःची बोट स्वतः बांधणाऱ्यामागे त्याची वही आणि त्याची सवय एवढेच असते. बुशनेलला अर्धा तास पुरेल हे ठाऊक होते आणि मॅलिन्सनने भरलेले नळकांडे घेतले होते. त्यांच्या बोटींतून माणसे जिवंत परत आली, त्यामागे हे प्रामाणिक हिशेब होते.